जहाज गेलं, 'एन' राहिला

आपल्या धंद्यात एक चैन आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला काही चुकीचं गेलं तर शनिवारी, शिव्या खात का होईना, पॅच टाकता येतो. डेटाबेसमध्ये एखादा फ्लॅग उलटा पडला असेल तर एका ओळीचा अपडेट मारायचा, लॉगमध्ये कारण लिहायचं आणि घरी जायचं.

निर्यातदाराचं तसं नसतं. माल कंटेनरमध्ये भरला, न्हावा शेवाला पोचला, कस्टम्सचा शिक्का झाला, जहाज सुटलं. तीन-चार महिन्यांनी हिशेब करताना लक्षात येतं की शिपिंग बिलाच्या एका रकान्यात 'वाय' हवा होता, तिथे 'एन' पडलाय. माल खरा, पैसे बँकेत आले तेही खरे, सरकारी योजनेत तो माल बसतो हेही खरं. फक्त अक्षर चुकलं. आणि त्या एका अक्षरापायी लाखांची रक्कम अडकते.

आजची पोस्ट या 'एन' बद्दल आहे. विषय रुक्ष आहे, मान्य. पण मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन या दोन पिकांवर लग्नं ठरतात आणि मोडतात. यांतला बराच माल शेवटी समुद्रापार जातो, आणि समुद्र आमच्यापासून पाचेकशे किलोमीटर लांब. एवढ्या लांबून जाणाऱ्या मालाची ओळख म्हणजे त्याचा कागद. म्हणून या कागदाचा इतिहास जरा खणून पाहिला. चहा घेऊन बसा, पोस्ट लांबलीये :)

आधी थोडं मागे जाऊ. कागद दाखवून जकातीची सवलत मिळवणं हा प्रकार काही आजचा नाही. 1717 साली बादशहा फर्रुखसियरने इंग्रज कंपनीला बंगालमध्ये जकातमाफीचं फर्मान दिलं. कंपनीचा माल नाक्यावर आला की 'दस्तक' नावाचा परवाना दाखवायचा, माल सुटला. पुढे कंपनीचे नोकर स्वतःच्या खाजगी व्यापारालाही तेच दस्तक वापरू लागले. देशी व्यापारी जकात भरतोय आणि शेजारून साहेबाचा माल फुकट जातोय! शेवटी वैतागून मीर कासीमने 1763 मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली, म्हणजे साहेबाच्या दस्तकाला किंमतच उरली नाही. त्यावरून युद्ध पेटलं, आणि 1764 ला बक्सरच्या लढाईत त्याचा निकाल लागला. लढाईला इतरही कारणं होती हे खरंच, पण हा कागद त्यातलं मोठं कारण होतं.

म्हणजे सरकारला कागदाचा धाक वाटतो तो उगाच नाही. कागद एकीकडचा आणि माल दुसरीकडचा, हा खेळ फार जुना आहे.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती. तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडल्या. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. खामगावचा कापसाचा बाजार फुगला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण बाजार राहिला. 1869 च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला, आणि 1870 च्या मार्चमध्ये जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! यावरून त्या कापसाची किंमत ओळखा. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात आलं ते 1905 मध्ये. अकोलेकरांनी रागावू नये.)

आणि तक्रार काय होती? तीच, जुनी. गाठ फोडली की आत भलतंच निघतं. चांगल्या कापसात हलका मिसळलेला, सरकी तशीच, ओलावा, माती. लिव्हरपूलला बसलेल्या दलालाला गाठ बाहेरूनच दिसते. मुंबई इलाख्यात यासाठी 1863 मध्ये भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. वऱ्हाडात 1897 चा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचा तो खापरपणजोबा. मग 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंगचा कायदा झाला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक मारणं आलं. म्हणजे गाठ जगात कुठेही फुटली तरी ती कुठल्या प्रेसमध्ये बांधली हे सांगता यावं. आपण ज्याला युनिक आयडी म्हणतो तो आमच्या गाठींवर शंभर वर्षांपूर्वीच आला होता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खूण मारायची ती गाठ बांधताना. गाठ गेल्यावर खूण मारता येत नाही.

आता सवलतीकडे. जगभरच्या व्यापारात एक साधं तत्त्व मानलं जातं, की माल निर्यात करा, कर निर्यात करू नका. परदेशातला गिऱ्हाईक तुमच्या देशाचा कर कशाला भरेल? त्यामुळे मालात मुरलेला कर निर्यातदाराला परत द्यायचा. याला म्हणतात ड्रॉबॅक. 1878 च्या सागरी जकात कायद्यात आयात केलेला माल तसाच परत बाहेर पाठवला तर भरलेल्या जकातीचे आठातले सात भाग परत मिळायचे. 1962 चा कस्टम्स कायदा आला, त्यात कलम 74 खाली हे 98 टक्के झालं, आणि कलम 75 ने इथे तयार केलेल्या मालातल्या आयात घटकांवरची जकातही परत देण्याची सोय केली.

त्यावर मग योजनांचे थर चढत गेले. 1997 मध्ये डीईपीबी आली, 2011 च्या सप्टेंबरअखेर गेली. 2004 च्या परराष्ट्र व्यापार धोरणात शेतमालासाठी विशेष कृषी उपज योजना आली. 2015 च्या एप्रिलमध्ये पाच-सहा योजना एकत्र करून एमईआयएस झाली. अशा योजनांत रोख पैसे मिळत नसत, स्क्रिप मिळायची. निर्यातीच्या किमतीच्या अमुक टक्के रकमेची क्रेडिट नोट म्हणा. ती आयातीची जकात भरायला वापरा, नाहीतर दुसऱ्याला विका.

हे मिळवायचं कसं? तर शिपिंग बिलावर आधीच सांगून. कागदी जमान्यात बिलांचे रंगच वेगळे होते. जकात नसलेल्या साध्या मालाचं बिल पांढरं, जकात लागणाऱ्याचं पिवळं, ड्रॉबॅकचं हिरवं. रंगावरून साहेबाला कळायचं की इथे सरकारच्या खिशातून पैसे जाणार आहेत, तर पेटी जरा उघडून बघू. पांढऱ्या बिलाच्या मालाची तपासणी बेताचीच. यात सरकारची बाजू समजून घ्या. पांढऱ्या बिलावर माल न तपासता गेला, आणि वर्षभराने निर्यातदार म्हणतोय की अहो ते बिल हिरवं समजा. आता काय तपासणार? माल हॅम्बर्गला पोचून विकला गेला.

याचं उत्तर कायद्यात आहे, कलम 149. मला ते फार आवडलं. ते म्हणतं की दाखल केलेल्या कागदात दुरुस्ती करायची परवानगी अधिकारी देऊ शकतो. पण माल निर्यात होऊन गेला असेल तर दुरुस्ती फक्त अशा कागदोपत्री पुराव्यावर, जो माल जाताना अस्तित्वात होता.

बस्स, एवढंच. नंतर बनवलेला कागद चालणार नाही, मनातला हेतू सांगून चालणार नाही, 'आमचं तसंच ठरलं होतं' चालणार नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, करार, परवाना, जे काही त्या दिवशी होतं ते दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे हेच सांगत आयुष्यभर गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले की बखरी नंतर लिहिल्या जातात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, त्या काळचा अस्सल कागद दाखवा. कस्टम्सच्या कायद्यात राजवाडे भेटतील असं वाटलं नव्हतं!

गंमत पुढे आहे. या कलमात मुदत नव्हती. किती दिवसांत दुरुस्ती मागायची, काही लिहिलेलं नाही. पण 2010 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय बोर्डाचं एक परिपत्रक निघालं, क्रमांक 36. एका योजनेचं बिल दुसऱ्या योजनेत बदलायचं तर निर्यातीची परवानगी, म्हणजे 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर', मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करा. तिथून भांडण लागलं. संसदेने जी मुदत घातली नाही ती परिपत्रकाने कशी घातली?

आणि शेजारचंच कलम 154 बघा. सरकारच्या किंवा अधिकाऱ्याच्या आदेशात लिखापढीची, बेरीज-वजाबाकीची चूक झाली तर ती कधीही दुरुस्त करता येते. 'कधीही' हा शब्द कायद्यातला आहे. साहेबाची चूक कधीही, आणि व्यापाऱ्याची तीन महिन्यांत.

मुदत का गैरसोयीची, त्याचं एक उदाहरण आमच्या कापसाचंच. 2008 मध्ये केंद्राने कापसाचा हमीभाव एकदम वर नेला. लांब धाग्याचा 2030 रुपये क्विंटल होता तो 3000 झाला. त्याच सुमारास जगात मंदी आली, बाहेरचे भाव पडले, आणि इथला कापूस बाहेर महाग झाला. तेव्हा सरकारने कच्च्या कापसाच्या निर्यातीवर त्याच विशेष कृषी योजनेतून 5 टक्के लाभ दिला, आणि तो मागच्या तारखेपासून, 1 एप्रिल 2008 पासून लागू केला. म्हणजे आधीच्या महिन्यांतल्या गाठी कधीच चीन-बांगलादेशला पोचल्या होत्या. त्या बिलांवर या लाभाचं नाव कुठून असणार? माल जाताना योजनाच नव्हती! सरकार स्वतः मागच्या तारखेने देऊ शकतं, पण मागणाऱ्याने मागच्या तारखेने मागितलं की नियम आडवा. दोन्हीमागे कारणं असतील, पण ही असमानता आहे खरी.

मग आला संगणक, आणि आपली जबाबदारी. 2015 ला एमईआयएस सुरू झाल्यावर ऑनलाइन शिपिंग बिलात प्रत्येक वस्तूपुढे रिवॉर्डचा रकाना आला. लाभ हवा तर 'वाय', नको तर 'एन'. 'वाय' असेल तरच ते बिल कस्टम्सच्या सर्व्हरवरून डीजीएफटीच्या, म्हणजे स्क्रिप देणाऱ्या खात्याच्या सर्व्हरवर जाणार. 'एन' असेल तर त्या खात्याच्या दृष्टीने ती निर्यात झालीच नाही.

आता इंजिनियर म्हणून सांगा, हे डिझाइन कसं वाटतं? पात्र माल पाठवणारा कुठला शहाणा मुद्दाम 'नको' म्हणेल? पण बिल भरतो कोण, तर बंदरावरच्या सीएचएच्या ऑफिसातला ऑपरेटर. आता त्यांना कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण बाजारात सगळे सीएचएच म्हणतात. तो दिवसाला ढीगभर बिलं टाइप करतो. मालकाला योजना माहीत, ऑपरेटरला रकाना माहीत, आणि मध्ये पाचेकशे किलोमीटर. सुरुवातीला एवढे 'एन' पडले की पहिल्या काही महिन्यांच्या बिलांना डीजीएफटीने स्वतःच सूट दिली. पुढच्यांना कोर्टात जावं लागलं.

रक्कम किती असते बघा. सोयाबीनचं तेल काढल्यावर जी पेंड राहते, डीओसी म्हणतात तिला, तिच्या निर्यातीवर एमईआयएसचा दर जुलै 2018 मध्ये 7 वरून 10 टक्के केला होता. समजा एखाद्याने एक कोटीची पेंड पाठवली. त्यावर दहा लाख. पेंडीच्या धंद्यात नफा क्विंटलमागे मोजून काही रुपयांचा, आणि हे दहा लाख धरूनच त्याने परदेशी गिऱ्हाईकाला भाव सांगितलेला असतो. सोयाबीन विकत घेतानाचा भावही त्यावरच ठरलेला. म्हणजे तो 'एन' पडला की मालकाचा नुसता नफाच जात नाही, तोटा होतो. आणि पुढच्या खरेदीत तो कोणाकडून वसूल होणार हे बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

कोर्टांनी बहुतेक वेळा समजूतदारपणा दाखवला. मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशा 'एन' ला अनवधानाची चूक मानलं. मुंबई उच्च न्यायालयात 2021 मध्ये पोर्टेस्कॅप इंडिया या कंपनीचं प्रकरण गाजलं. त्यातही 'वाय' ऐवजी 'एन'. कस्टम्सने तीन महिन्यांच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं होतं. कोर्टाने कलम 149 खाली दुरुस्ती करू द्यायला सांगितलं. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने महालक्ष्मी रबटेकच्या प्रकरणात परिपत्रकातली ती तीन महिन्यांची मुदतच कायद्याबाहेरची ठरवली.

काही प्रकरणांत तर असंही झालं की कस्टम्सने हाताने दुरुस्ती करून दिली, तरी ती सर्व्हरवर चढेना, त्यामुळे पलीकडचं खातं म्हणे आम्हाला दिसत नाही. अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे, पण सिस्टीम घेत नाही. 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्या तरी कोडमधून आलेलं असतं, हे आपण विसरतो. कायद्यात कलम 149 होतं. सिस्टीममध्ये ते लिहायचं राहिलं.

पुढे सरकारनेही पावलं उचलली. 2019 च्या वित्त कायद्याने कलम 149 मध्ये मुदत ठरवण्याचा अधिकार घातला. फेब्रुवारी 2022 मध्ये नियम आले, त्यात बिलाची योजना बदलायला एक वर्ष, आयुक्ताच्या परवानगीने आणखी सहा महिने आणि मुख्य आयुक्ताच्या परवानगीने वर आणखी सहा. तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत. 2025 च्या वित्त कायद्याने तर कलम 18अ आणलं, त्यात माल सुटल्यानंतर आपल्या नोंदीत आपणहून सुधारणा करण्याची वाट ठेवलीये.

दरम्यान एमईआयएस स्वतःच गेली. अमेरिकेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ऑक्टोबर 2019 मध्ये आपल्या अनेक निर्यात योजना नियमबाह्य ठरवल्या. भारताने अपील केलं, पण एमईआयएस 2020 च्या डिसेंबरअखेर संपली. तिच्या जागी 1 जानेवारी 2021 पासून रोडटेप आली, ज्यात मालात खरोखर मुरलेले करच परत करायचे. म्हणजे फिरून ड्रॉबॅकच्या मूळ तत्त्वावर. आणि लाभ मागायचा कसा? शिपिंग बिलात जाहीर करून. कोडच्या शेवटी 'वाय' किंवा 'एन'. अक्षर काही सुटलं नाही!

आता कोणी म्हणेल, व्यापाऱ्यांचं दुःख आम्हाला काय सांगतोस? बरोबर आहे. व्यापाऱ्याला निदान वकील लावता येतो, मुंबईला खेपा घालता येतात. म्हणून शेवटी त्याच कापसाचं आणि त्याच सोयाबीनचं दुसरं टोक बघू.

2023 च्या खरिपात कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले. राज्य सरकारने हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर केलं. कोणाला? तर ज्याने ई-पीक पाहणीत आपलं पीक नोंदवलंय त्याला. ही पाहणी 2021 पासून शेतकऱ्याने मोबाईलवरून स्वतः करायची असते. शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक निवडायचं, पाठवायचं. ज्यांच्याकडे रेंज नाही, फोन साधा, किंवा मुलगा पुण्यात आणि म्हातारा एकटा शेतावर, त्यांची नोंद राहिली. 2024 मध्ये मदत आली तोवर पीक कापून, विकून वर्ष होत आलेलं. शेत रिकामं. आता फोटो कशाचा काढणार? बरं, पैसे जाहीर झाले पीक गेल्यावर. आधीच्या वर्षीच्या कापसाच्या गाठींसारखंच, योजना मागून आली.

ओरड झाली, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर त्या हंगामात कापूस-सोयाबीनची नोंद आहे त्यांनाही घ्यायचं ठरलं. कलम 149 पुन्हा वाचा. एक रकाना रिकामा राहिला, पण त्याच काळचा दुसरा सरकारी कागद आहे, तो धरा. तत्त्व तेच. फरक इतकाच की व्यापाऱ्यासाठी ते कायद्यात लिहिलंय, शेतकऱ्यासाठी दर वेळी ओरडावं लागतं. सातबाऱ्यातल्या लेखनाच्या चुकीला महसूल संहितेचं कलम 155 आहे, तहसीलला अर्ज करता येतो. पण मदतीच्या याद्या, विम्याचे पोर्टल, कर्जमाफीचे फॉर्म, यांत राहिलेल्या 'एन' ला कलम कुठलं?

मला यातून एवढंच उमगतं. नोंद वेळेवर व्हावी, हा आग्रह योग्य आहे. फर्रुखसियरच्या फर्मानाचं काय झालं ते आपण वाचलं. मागून कोणीही काहीही लिहू शकत असेल तर कागदाला अर्थ उरत नाही. पण माणूस टाइप करतो तिथे 'एन' पडणारच. दुरुस्तीचा दरवाजा ठेवायचा, तो कधी आणि कशावर उघडेल हे आधी लिहून ठेवायचं, आणि सिस्टीममध्ये तो खरोखर उघडतो ना ते तपासायचं. पहिली दोन कामं कायदा करणाऱ्यांची. तिसरं आपलं. पुढच्या वेळी एखाद्या सरकारी फॉर्मची रिक्वायरमेंट टेबलावर आली आणि सबमिटनंतर एडिट बंद असं त्यात लिहिलेलं दिसलं, तर मीटिंगमध्ये हात वर करून एवढं विचारा की चूक झाली तर माणसाने जायचं कुठे? बीए लोक वैतागतील, वैतागू देत.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवार-रविवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो. तुमच्याकडे अशा 'एन' चे किस्से असतील तर जरूर कळवा.